मैदानावरची खडी कधी उचलणार, मंत्री साहेब?

मा. मंत्री साहेब,
स. न. वि. वि.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. २०१९ ला आमचे पीटी सर रिटायर झाले, ती जागा अजून भरलेली नाही, त्यामुळं मुलींची खो-खोची टीमपण मीच बघतो. आधी तीन अर्ज रीतसर पाठवलेत. एकाचंही उत्तर नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहायलोय.

गेल्याच्या मागल्या शनिवारी प्रॅक्टिस चालू असताना आठवीतली एक पोरगी पडली. आमच्या मैदानाच्या एका टोकाला खडीचा ढीग आहे, दोन खोल्या बांधायच्या म्हणून टाकलेला. पंधरा दिवसांत काम सुरू होतंय असं सांगितलेलं, आता दुसरा पावसाळा गेला, ढिगावर गवत उगवलं, अर्धी खडी पाण्यानं वाहून पार खांबापर्यंत आली. आम्ही दर आठवड्याला झाडून काढतो पण किती काढणार? ती पोरगी खांबाला हात घालून वळली, पाय खडीवरून सटकला आणि डाव्या खांद्यावर आपटली. मी वीस फुटांवर होतो, हाड मोडलेला आवाज मला ऐकू आला साहेब. ती रडली नाही. धुळीत बसून उजव्या हातानं डावा हात धरून म्हणाली, "सर, घरात सांगू नका, आई खेळायला सोडणार नाही, मी आणि खेळतो की." आमच्याकडं 'आणि' म्हणजे 'परत', आणि पोरीपण खेळतो, जातो असंच बोलतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना झालंय.

वडील गोव्याला कामाला, आई सुगीत भात कापायला गेलेली. दुधाची गाडी थांबवून तिला बेळगावला नेलं. कॉलर बोन मोडलंय. प्लेट घालावी लागली. बिल ५० हजारांच्या वर गेलं, त्यातले ३० मी भरले, माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले होते. बायको काही बोलली नाही, पण दोन दिवस घरात कोणीच कोणाशी बोललेलं नाही.

दोन वर्षांमागं १५ ऑगस्टला आमच्याच गावात स्टेजवरून शब्द दिला गेला होता, "पुढच्या वर्षी या पोरी मॅटवर खेळतील." टाळ्या वाजल्या. पोरींनी तर इतक्या जोरात वाजवल्या की बस. मॅट राहू दे, निदान खडी तरी उचला, एवढंच मी तिन्ही अर्जांत लिहिलं होतं. पहिला अर्ज मराठीत दिला तर एका ऑफिसात टेबलावरूनच परत सरकवला, कन्नडमधून आणा म्हणून. आणला. माझं कन्नड चांगलं आहे, मी इथंच जन्मलो, माझे अर्धे मित्र कन्नड आहेत आणि माझ्या वर्गात मी दाखला म्हणून कन्नड म्हणी सांगतो, त्या भाषेशी माझं काडीचंही भांडण नाही. पण ज्या तालुक्यात १५ टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलणारे असतील तिथं सरकारी सूचना त्या भाषेतपण द्यायच्या असा नियम भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून आहे की नाही? खानापूरसारख्या तालुक्यात हे आम्ही मोजून दाखवायचं काय? बरं, कन्नडमधून दिलेला अर्ज तरी कुठं आहे? दोन महिन्यांनी विचारायला गेलो तर आवक रजिस्टरमध्ये नोंदच नाही. तिसऱ्या वेळेला पोच घेतली, ती माझ्याकडं आहे.

तुम्हाला वाटेल एका खडीच्या ढिगावर मास्तर एवढा का चिडला. चिडलोय कारण या पोरी नुसत्या वेळ घालवायला खेळत नाहीत. तालुका जिंकल्या, जिल्हा जिंकल्या, येत्या शनिवारी विभागीय स्पर्धा आहेत. आणि जिंकल्या कशा ते ऐका. आमची शेवटची बस साडेपाचची. शाळा सुटल्यावर प्रॅक्टिसला जेमतेम पाऊण तास मिळतो, कारण बस चुकली की चार किलोमीटर जंगलातून चालत जायचं, गवे असतात, अस्वलाची भीती असते. २०२३ च्या जूनपासून बायका-मुलींना तिकीट फुकट झालं, चांगलं झालं, मी स्वागतच केलं, पण तिकीट फुकट आहे आणि बस नाही! कित्येकदा खच्चून भरलेली गाडी न थांबताच जाते, मग मी पोरींना टॉर्च घेऊन घरापर्यंत सोडतो आणि घरी पोचायला मला आठ वाजतात. पाच वर्षं झाली हे चाललंय. गुडघे गेलेत माझे. डॉक्टर म्हणतो पळू नका. मी पळालो नाही तर त्यांच्या मागं पळणार कोण?

जिल्ह्याला जाताना ट्रॅक्स गाडी ठरवली, भाडं मी आणि दोन सहकाऱ्यांनी वाटून घेतलं. टी-शर्ट गणपती मंडळानं दिले. तिथं गेल्यावर समोरच्या टीमच्या पायात बूट आणि आमच्या आठ जणी अनवाणी. जिंकल्या तरी. एक जण सूर मारून खांबाजवळची गडी टिपून उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालेली, तशीच पुढच्या डावाला उभी राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि शिकवायचं कधी? २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून जातगणनेच्या सर्व्हेला आम्हाला जुंपलं. दसऱ्याची सुट्टी गेली, वर शाळांना १८ ऑक्टोबरपर्यंत सुट्टी वाढवून दिली, का तर मास्तर मोकळे पाहिजेत. ६० प्रश्न एकेका घरात. आमच्याकडं रेंज नाही, ओटीपी यायला टेकडीवर चढायचं, घरातल्या माणसाला मोबाईल घेऊन बरोबर न्यायचं. त्या दिवसांत दहावीचा एक धडा झाला नाही आणि प्रॅक्टिस तर सोडूनच द्या. सर्व्हे नको असं मी म्हणत नाही. पण निकाल कमी लागला की नोटीस मलाच येणार ना? त्या नोटिशीत टेकडीचा उल्लेख असेल काय? २००६ नंतर लागलेल्या आम्हा लोकांना जुनी पेन्शन पण नाही, ते दुखणं वेगळंच, त्याबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपायचं नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या मुलांनी जिंकला आणि मुलींनीही जिंकला. माझ्या पोरींनी एकाच मोबाईलवर फायनल बघितली. त्या दोन्ही टीममध्ये मिळून आपल्या कर्नाटकचे दोघं होते. महाराष्ट्रानं त्यांच्या खेळाडूंना सव्वादोन कोटी आणि नोकरी जाहीर केली, आपल्याकडं पाच लाख, आणि आपल्या दोघांनी ते नाकारले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरीनं विचारलं, सर आपण तिकडं महाराष्ट्रात, चंदगडला असतो तर? मी तिला काय सांगायचं? १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या हाच प्रश्न विचारायलेत. तिकडचे म्हणतात ८६५ गावं आमची, कोर्टात २००४ पासून केस पडून आहे. इकडचे म्हणतात एक इंचही देणार नाही, म्हणून बेळगावात अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध उभा केला, २०१२ ला उद्घाटन झालं. दोघांनाही जमीन पाहिजे. त्या जमिनीवर खडी पडलीय ती उचलायला मात्र कोण नाही! कुठंतरी एका बसला काळं फासलं की दोन्हीकडच्या बस बंद, आणि कोल्हापूरकडं ठरलेली आमची मॅच रद्द. पोरी किटबॅग घेऊन स्टॉपवर उभ्या होत्या साहेब.

अधिवेशनाला तुम्ही बेळगावात येता. तिथून आमची शाळा गाडीनं तासाभराच्या आतबाहेर आहे. एकदा या. हार-तुरे नको, फुलांना पण आमच्याकडं पैसे नाहीत. पीटी शिक्षकाची जागा भरा. त्या पोरीच्या बिलाचे पैसे तिच्या आईला मिळू देत, माझे नको, आईनं सोसायटीतून काढलेले २० हजार आधी फिटू देत. मॅटचं नंतर बघू.

काल रविवारी मी मैदानावर गेलो तर पोरी घरून घमेली घेऊन आलेल्या. नऊ जणी. सकाळपासून खडी उचलून कुंपणाकडं टाकत होत्या, आणि जिचा खांदा मोडलाय ती कठड्यावर बसून कुठली राहिली ते बोटानं दाखवत होती. दुपारपर्यंत खांबाभोवतीची सगळी निघाली. मोठा ढीग त्यांच्यानं हलणारा नाही, त्याला जेसीबी लागतो.

तो कधी पाठवताय ती तारीख कळवा. कन्नडमधून कळवलीत तरी चालेल, मला वाचता येतं.

आपला,
एक गणिताचा मास्तर
ता. खानापूर, जि. बेळगाव