जूनटीन्थ जपला तो समाजाने

‘जूनटीन्थ’ या १९ जूनला साजऱ्या होणाऱ्या गुलामगिरीमुक्तीच्या दिवसानिमित्त अमेरिकेतील कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींनी (महाविद्यालयीन बंधुसंघटनांनी) भरवलेल्या मेळाव्यांवरील आपल्या वृत्तपत्रातील लेख वाचला. हा दिवस आता खाण्यापिण्यापुरता आणि गाण्यांपुरता उरला आहे, हा त्यातील निष्कर्ष मला मान्य नाही.

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे केंद्र सरकारच्या सैन्याचे जनरल ग्रेंजर यांनी गुलाम मुक्त झाल्याचा आदेश काढला तो १९ जून १८६५ रोजी. तेथील सुमारे अडीच लाख माणसांना तोवर दास्यातच ठेवले गेले. या दिवसाला राष्ट्रीय सुट्टीचा मान मिळाला थेट २०२१ मध्ये! मधली दीडशेहून अधिक वर्षे तो कृष्णवर्णीय समाजानेच सांभाळला. ह्यूस्टनमध्ये तर मुक्त झालेल्या लोकांनी १८७२ मध्ये पैसे जमवून या उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेतली. तेच आजचे इमॅन्सिपेशन पार्क.

फ्रॅटर्निटी याच परंपरेतल्या. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात स्थापन झालेली ‘अल्फा फाय अल्फा’ (मार्टिन ल्यूथर किंग तिचेच सदस्य) १९३० च्या दशकापासून मतदार नोंदणीची मोहीम चालवत आली आहे. अशा मेळाव्यात कुटुंबे मुलाबाळांसह एकत्र जेवतात, तेव्हाच आजीकडून नातवापर्यंत हा इतिहास पोहोचतो.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्यांच्या महाराष्ट्रातील वृत्तपत्राने या मेळाव्यांची दखल अधिक आस्थेने घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे