200 खुनांचा आकडा आला कुठून?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शिकागोच्या 1893 च्या वर्ल्ड फेअरवरचा लेख वाचला, छान होता, पण त्या वेळचा शिकागोतला खुनी एच. एच. होम्स याने 200 माणसं मारली असं बिनधास्त छापलंय ते काही पटलं नाही. त्याने स्वतः कबुली दिली ती 27 जणांची, आणि त्यातले काहीजण तर चक्क जिवंत निघाले! फाशी झाली ती एकाच खुनासाठी, पिटेझल नावाच्या त्याच्याच पार्टनरच्या, तेही इन्शुरन्सच्या पैशापायी, 1896 ला फिलाडेल्फियात. होम्सच्या शिकागोतल्या त्या बिल्डिंगमध्ये चालणाऱ्या खुनांच्या गोष्टींना तेव्हाच्या पेपरवाल्यांनी बरंच तिखटमीठ लावलेलं, आणि या नादात होम्सने मारलेली पिटेझलची तीन लेकरं लेखातून राहूनच गेली. गायर नावाचा डिटेक्टिव्ह गावोगाव हॉटेलांची रजिस्टरं चाळत, घरं भाड्याने देणाऱ्यांना विचारत फिरला तेव्हा कुठे टोरांटोत एका घराच्या तळघरात दोघी बहिणी पुरलेल्या सापडल्या, भाऊ नंतर इंडियानात. आणि हो, त्याच फेअरच्या निमित्ताने सप्टेंबरात विवेकानंद शिकागोत बोलले त्याची एक ओळ तरी टाकायची, फेअरमधल्या 264 फुटी आकाशपाळण्याला अख्खा कॉलम दिलात ना.

- एक जुना वाचक, मिरज