आजोबांवर लिहिताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठीचा तुझा मसुदा वाचला. भाषा चांगली आहे, पण पहिल्याच पानावर ‘त्यागमूर्ती’, ‘देवमाणूस’, ‘दीनांचा कैवारी’ हे सगळं येऊन जातं आणि आजोबा दिवसभर नेमकं काय करायचे हे शेवटपर्यंत कळत नाही. कुष्ठकार्यातल्या कुठल्याही माणसाचं नाव घालून तो लेख छापता येईल. आजोबांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, काम मायेचं होतं हे खरं, पण त्याआधी ते कसबाचं होतं. ते लिही.

पार्श्वभूमी चार ओळींत आटप. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं, पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. या साऱ्या ठिकाणी रुग्ण येऊन राहायचे. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं आणि तिथल्या डॉ. वारदेकरांनी दिशाच उलटी केली. कार्यकर्त्याने घरोघर जायचं, रोग लवकर हुडकायचा आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून बरा करायचा. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी ती पद्धत. अण्णा या दुसऱ्या वाटेचे. वसाहतीतल्या सेवेचं वर्णन त्यांना चिकटवू नकोस.

सर्वेक्षण म्हणजे नुसती नावं लिहिणं नव्हे. या रोगाची खूण असलेला फिकट चट्टा घरातल्या अंधारात दिसत नाही, म्हणून तपासणी अंगणात, दिवसाच्या उजेडात करायची. चेहरा आणि हात पाहून भागत नाही. पाठ, कंबर, मांड्या बघाव्या लागतात. पुरुष कार्यकर्त्यापुढे बायका पदर हलवू देत नाहीत, त्यामुळे जिथे बाई कार्यकर्ती नसे तिथे बायकांचे चट्टे उशिरा सापडत. चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच कुणी आपणहून दाखवायला येत नाही. गजकर्ण खाजतं. कोड पांढराफेक असतो, पण तिथे स्पर्श कळतो. शंका आली की कसोटी एकच, तिथली संवेदना गेली आहे का.

ती तपासायची रीत मसुद्यात जरूर घाल. आधी रुग्णाच्या डोळ्यांदेखत बॉलपेनचं टोक चांगल्या कातडीवर अलगद टेकवायचं आणि ‘जिथे लागेल तिथे बोट ठेवा’ म्हणून सांगायचं. कळलं की डोळे मिटायला लावायचे आणि कधी चांगल्या कातडीवर, कधी चट्ट्यावर टेकवायचं. टोक घासायचं नाही, घासलं तर शेजारची चांगली कातडी उत्तर देते. टोचायचंही नाही. एका ठरावीक लयीत टेकवत गेलं तर माणूस अंदाजाने बोट ठेवतो, म्हणून मधेच थांबायचं. ‘लागलं का?’ असं तर विचारायचंच नाही. घाबरलेला माणूस दर वेळी हो म्हणतो.

मग नसा. कोपर आपटल्यावर ज्या नसेतून मुंग्या येतात ती, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची आणि पायाच्या आतल्या घोट्यामागची. दोन्ही बाजूंच्या चाचपून जाडी ताडून बघायची. त्या वेळी नजर आपल्या बोटांवर नको, रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. नस दुखरी असेल तर आधी तिथे कळतं. दुखरी नस म्हणजे घाई. नसेची सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन वेळेवर, साधारण सहा महिन्यांच्या आत सुरू झालं तर गेलेली ताकद परतण्याची आशा असते; त्यानंतर बोटं वाकडी ती वाकडीच.

औषधांचं तू ‘गोळ्या वाटत’ असं लिहिलंस. वाटायला अडचण नव्हती, गळी उतरवायला होती. आधी वर्षानुवर्षं डॅप्सोन हे एकटंच औषध चाले आणि जंतू त्याला सरावले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत तो पुढच्या काही वर्षांत आला. तेव्हा मोठ्या माणसाला महिन्यातून एकदा, समोर बसवून, रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम. एम.बी., म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या, रुग्णाला त्याच दिवशी क्लोफाझिमीन ३०० मिलिग्रॅम आणि एरवी रोज ५०. डॅप्सोन १०० मिलिग्रॅम सगळ्यांना रोज. पी.बी.ला, म्हणजे कमी जंतूंच्या रुग्णाला, सहा महिने, एम.बी.ला आधी किमान दोन वर्षं, पुढे ती मुदत बारा महिन्यांवर आली. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. हे आदल्या दिवशी सांगितलं नाही तर रक्त पडतंय समजून माणूस पुन्हा फिरकत नाही. क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते, म्हणजे रोग लपवू पाहणाऱ्याचा चेहराच गावाला दिसू लागतो. औषध अर्धवट टाकणाऱ्यांत लग्नाच्या मुली असत त्या यामुळेच. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग उतरतो, हे पटवणं हेच शिक्षण. हा रोग हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत होता, तेवढं एक वाक्य इथे टाक. भीती कशाची होती ते वेगळं सांगावं लागणार नाही.

‘जखमा स्वतः धुवायचे’ हे मात्र काढ. रुग्णाने स्वतःचा पाय स्वतः सांभाळावा हाच त्यांचा आग्रह असे. बधिर पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगा पडतात, दुखत नसल्याने माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि भेग हाडापर्यंत जाते. सडतो तो रोगाने नव्हे, न कळलेल्या इजेने. म्हणून रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं पाय साध्या पाण्यात बुडवायचे. कोमट नको, बधिर पायाला ऊन पाणी किती ऊन ते कळत नाही. निबर कातडी खडबडीत दगडाने हळू घासायची, कोरडी असताना नाही आणि ब्लेडने तर मुळीच नाही. पाय न पुसता ओल्यावरच खोबरेल किंवा जे घरात असेल ते तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. शेवटी तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर आरशात. जखम असेल तर चालणं बंद. मलमापेक्षा विश्रांतीनेच ती भरते.

चपलेचा परिच्छेद वाढव. तळाला मऊ सूक्ष्मछिद्री रबर, त्याखाली काटा न शिरणारा कडक तळ, मागे पट्टा आणि एकही खिळा नाही. मागचा पट्टा नसेल तर चप्पल पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि बोटांत जोर नसला की ती वाटेत निसटते, माणसाला पत्ताही लागत नाही. खिळा वर आला तर तळव्याला भोक पडेपर्यंत कळत नाही. एवढं करूनही चपला कोनाड्यात पडून राहत, कारण त्या ठरावीक घडणीच्या आणि गाव लांबूनच ओळखे. बाजारात मिळते तशी दिसणारी चप्पल करून घेणं हा त्यावरचा उपाय. सरकारी खरेदीत ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, आजही.

‘कुष्ठरोग संपला’ हे वाक्य खोड. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजारी एकापेक्षा कमी रुग्ण झाले म्हणून निर्मूलन जाहीर झालं, एवढंच. जंतू अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो आणि नवे रुग्ण अजून निघतात.

राहिल्या अण्णांच्या डायऱ्या. त्यांची पानं छापायची तुझी कल्पना मला मान्य नाही. त्यांत नावं आहेत, गावं आहेत, कुणाच्या सुनेला काय झालं तेही आहे, आणि ती घरं अजून नांदती आहेत. नुसती नावं झाकूनही भागत नाही. गाव आणि नातं वाचून माणूस ओळखता येतो. त्यांनी काढलेली हातापायांची रेखाचित्रं घे, ज्यांत बधिर जागा पेन्सिलने रंगवलेल्या आहेत. वरचा नोंदणी क्रमांक कापून मग स्कॅन कर. शिबिराच्या फोटोंत रुग्णांचे चेहरे असतील तर ते फोटो नकोतच. तो पाय धुण्याचा फोटो तर अजिबात नको, तो छायाचित्रकाराने मुद्दाम बसवून काढलेला आहे.

मसुदा दुरुस्त करून पाठव. औषधांचे आकडे छपाईला देण्याआधी एकदा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखव, मात्रा वयानुसार बदलतात हेही तळटीपेत यायला हवं.

तुझी,
आई