नवी आवृत्ती म्हणजे केवळ नवे वेष्टन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांवर (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र रंगवत फाशांनी खेळायच्या खेळांवर) लेख आला, याचा अनेक वर्षे डन्जन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, जागी बसणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला मनापासून आनंद झाला. मात्र त्यातील एक विधान खटकले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाच्या नियमपुस्तकांच्या नव्या आवृत्त्या म्हणजे तीच पुस्तके नव्या वेष्टनात पुन्हा विकणे, लढाई शेवटी फासे टाकण्याचीच राहते, असे लेखात म्हटले होते. पुस्तके खपावीत असे प्रकाशकाला वाटतेच, त्याबद्दल वाद नाही. पण लढाई तीच राहते हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

असा समज का होतो, हे मी समजू शकतो. आवृत्ती बदलताना जो बदल डोळ्यांत भरतो, तो पुष्कळदा लढाईला स्पर्शही करत नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वार लागायला फाशावर किती हवे हे काढण्यासाठी ‘थॅको’ नावाचा आकडा असे आणि चिलखताचा आकडा जितका कमी तितके चिलखत भक्कम मानले जाई. थॅको १५ असलेल्या योद्ध्याने चिलखत ४ असलेल्या शत्रूवर वार केला, तर १५ मधून ४ वजा करायचे आणि वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा त्याहून अधिक आणायचे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही उलटी गणती मोडीत काढली. त्याच योद्ध्याला फाशावर ५ ची भर मिळाली, त्याच शत्रूचे चिलखत १६ झाले, आणि फाशावर आणायचे राहिले तेच ११. नवख्यांची मोठी सोय झाली, परंतु वार लागण्याची शक्यता तसूभरही हलली नाही.

त्याच पुस्तकातील दुसऱ्या एका बदलाची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फेरीच्या (जिच्यात प्रत्येकाची एक पाळी येते) आरंभी कोण काय करणार हे आधी सांगावे लागे आणि मग कोणाची पाळी आधी हे ठरवणारा फासा दर फेरीला नव्याने टाकला जाई. विझार्डने, म्हणजे जादूगार पात्राने, मंत्र म्हणायला घेतला आणि तो पुरा होण्याआधी त्याला वार लागला, की मंत्र वाया जाई. त्यामुळे दर फेरीला सगळ्यांचा जीव टांगणीला लागे, आणि विझार्डभोवती उभे राहून त्याला वेळ मिळवून देणे हे योद्ध्याचे खरेखुरे काम असे. तिसऱ्या आवृत्तीत पाळ्यांचा क्रम लढाईच्या सुरुवातीला एकदाच ठरू लागला आणि बहुतेक मंत्र विझार्डच्या स्वतःच्या पाळीतच पुरे होऊ लागले. त्याला अडवायचे, तर शत्रूला त्या क्षणासाठी आपली कृती राखून ठेवावी लागे किंवा तो अगदी जवळ असावा लागे, आणि जवळच्या शत्रूचा वारही विझार्ड सावधपणे मंत्र म्हणून टाळू शकत असे. विझार्ड डोईजड झाल्याची जी तक्रार पुढे वर्षानुवर्षे ऐकू आली, तिचे एक मूळ मंत्रांच्या यादीपेक्षा या क्रमाच्या नियमात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हालचालीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. एक योद्धा दारात उभा आहे, समोर एक ऑर्क (राक्षसी शत्रू) आहे आणि त्याच्या वीस फूट मागे धनुर्धारी. तिसऱ्या आवृत्तीत ऑर्कच्या आवाक्यातील पटावरचा चौकोन सोडून पुढे गेले, की ऑर्कला फुकटचा वार मिळे. शिवाय एका पाळीत अनेक वार करण्याची क्षमता असलेल्या योद्ध्याला ते सगळे वार हवे असतील, तर पाच फुटांपलीकडे हलताच येत नसे. मग शहाणा खेळाडू दारातच पाय रोवून उभा राही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत याच दारात योद्ध्याला निराळीच ताकद मिळाली. त्याच्याजवळून निसटू पाहणाऱ्या शत्रूवर त्याचा वार बसला, की तो शत्रू जागीच थांबे. त्या आवृत्तीतील लढाया फार लांबत, हे खरे. पण योद्धा म्हणजे वाट अडवणारा, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणत्याही आवृत्तीने प्रत्यक्षात उतरवले नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फुकटचा वार केवळ आवाक्याबाहेर पडणाऱ्यावर राहिला, तोही एका फेरीत एकच, आणि दोन वारांच्या मध्ये चालण्याची मुभा मिळाली. आता योद्धा ऑर्कला पाडतो, उरलेली वाट चालतो आणि दुसरा वार धनुर्धाऱ्यावर करतो.

आमच्या गटाने तिसऱ्या आवृत्तीची सुधारित पुस्तके सोडून पाचवी घेतली, तेव्हा कित्येक बैठका आमचे योद्धे दारातच उभे होते. नियम बदलला होता, हाडीमाशी खिळलेली सवय बदलली नव्हती. पुस्तक नीरस आहे असे आम्ही म्हणत राहिलो. वास्तविक आम्ही नव्या पुस्तकातून जुनीच लढाई खेळत होतो.

२०२४ मध्ये सुधारित नियम आले आणि त्यांतील उपचारांचा बदल मला मनापासून पटला. २०१४ च्या नियमांत जखम बरी करणाऱ्या पहिल्या पातळीच्या मंत्राला आठ बाजूंचा एकच फासा होता, तर शत्रूच्या एका वारात त्याहून अधिक हानी सहज होई. त्यामुळे सोबती कोसळेपर्यंत थांबायचे आणि मग त्याला स्वस्तातल्या मंत्राने उठवायचे, ही रीत पडली. सोबत्याला पडू देण्यातच हुशारी ठरावी, ही गोष्ट मला नेहमीच बोचत आली. आता तेथे दोन फासे आहेत, आणि उभ्या सोबत्यावर उपचार करणे पुन्हा शहाणपणाचे झाले आहे.

त्याच सुधारणेतील एका बदलाने मात्र आमच्या टेबलावर एका खेळाडूवर अन्याय झाला, आणि त्याची जबाबदारी माझी होती. आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग कथा, अर्ध्यावर असताना आम्ही नवे पुस्तक घेतले. एका खेळाडूचे पात्र दबा धरून मारणारे होते. जुन्या नियमांनुसार बेसावध शत्रूला पहिल्या पाळीत काहीच करता येत नसे आणि या पात्राचा त्याच्यावरील प्रत्येक अचूक वार जबर घाव ठरत असे. त्याने संपूर्ण बैठक छाप्याच्या आखणीत घालवली. नव्या नियमात बेसावध शत्रू फक्त क्रमासाठी दोन फासे टाकून कमी आकडा घेतो, त्याची पाळी जात नाही. हे मला ऐन लढाईत, पान उघडून पाहताना कळले. तीनपैकी दोन पहारेकऱ्यांची पाळी त्याच्या आधी आली आणि त्यांनी घंटा वाजवली. त्या खेळाडूने काही न बोलता आपल्या पात्राचे पान उलटे करून ठेवले. नव्या पुस्तकाने त्याच्या पात्राला बदल्यात पहिल्या फेरीसाठी वेगळी भर दिली होती, पण तीही आमच्यापैकी कोणी वाचली नव्हती.

तो नवा नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. एका बाजूची अख्खी पाळी गेली, की लढाई सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागल्यासारखा होई, आणि हे थांबायलाच हवे होते. माझी तक्रार एवढीच की, असे बदल फार शांतपणे येतात. प्रकाशकांनी प्रत्येक नियमापुढे तो का बदलला आणि त्यामुळे खेळाडूने आता काय वेगळे करावे अशी अपेक्षा आहे, हे दोन ओळींत छापावे. आणि मोहिमेच्या मध्यावर आवृत्ती बदलणाऱ्या प्रत्येक डन्जन मास्टरला माझी कळकळीची विनंती आहे की, त्याने पहिल्या बैठकीचा अर्धा तास राखून ठेवावा, प्रत्येक खेळाडूसोबत त्याच्या पात्राची एक पाळी जुन्या आणि नव्या नियमांनी खेळून पाहावी, आणि ज्याचे पात्र मुळातून बदलते आहे त्याला ते नव्याने रचण्याची मुभा द्यावी. आमच्या त्या खेळाडूला मी ती मुभा पुढच्या बैठकीत दिली. ती आधी द्यायला हवी होती.

आपला,
एक नियमित वाचक