वर्गणी वाढली, हमी मात्र सैल

संपादक महोदय,

अमेरिका आणि युरोपीय देशांच्या ‘नेटो’ या लष्करी आघाडीच्या वाढीव संरक्षणखर्चावरील अग्रलेख वाचला. युरोपने आजवर अमेरिकेच्या जिवावर सुरक्षितता उपभोगली, हा त्यातील आक्षेप बव्हंशी खरा आहे. २०१४ मध्ये वेल्सच्या परिषदेत ठरलेले, जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पन्नाच्या) २ टक्के संरक्षणखर्चाचे उद्दिष्ट कित्येक सदस्यांनी दहा वर्षांतही गाठले नाही. परंतु जून २०२५ मध्ये हेग येथे स्पेनचा अपवाद वगळता याच देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्च मान्य केला आणि त्याच परिषदेला निघालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी, ‘नेटो’ करारातील सामूहिक संरक्षणाच्या पाचव्या कलमाचा अर्थ व्याख्येवर अवलंबून आहे, असे विमानातच पत्रकारांना सांगून टाकले.

मुळात १९४९ च्या करारातील हे कलम वाटते तितके कडक नाही. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरचा मानायचा खरा, पण मदत कोणती करायची हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. कराराचा सारा दरारा कागदापेक्षा, वेळ आली तर अमेरिका धावून येईलच या मॉस्कोच्या धास्तीत होता. अध्यक्षांच्या एका वाक्याने तो उणावतो.

हे कलम आजवर एकदाच लागू झाले, तेही अमेरिकेसाठी, याचा उल्लेख अग्रलेखात हवा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ‘नेटो’ची अवॅक्स टेहळणी विमाने काही महिने अमेरिकेच्याच आकाशात पहारा देत होती. पुढे अफगाणिस्तानात डेन्मार्कने, जेमतेम ५५ लाख वस्तीच्या देशाने, चाळीसहून अधिक सैनिक गमावले. त्याच डेन्मार्ककडून त्याच्या अखत्यारीतील ग्रीनलँड बेट मिळवण्यासाठी लष्करी बळ वापरणार नाही, एवढी ग्वाही द्यायलाही ट्रम्प जानेवारी २०२५ मध्ये तयार नव्हते. वास्तविक १९५१ च्या करारान्वये अमेरिकेला तेथे लष्करी तळ ठेवण्याची मुभा आहेच आणि पिटुफिकचा तळ आजही चालू आहे. मग घ्यायचे राहिले तरी काय?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला दिली जाणारी गुप्त माहिती काही दिवस रोखली, तेव्हा परावलंबनाची किंमत युरोपला दिसली. तरीही वाढीव निधीचा मोठा वाटा अमेरिकी शस्त्रांवरच खर्च झाला, तर सुटे भाग आणि सॉफ्टवेअर यांची चावी वॉशिंग्टनकडेच राहील. डेन्मार्कने घेतलेली एफ-३५ लढाऊ विमानेही अमेरिकीच आहेत.

– एक वाचक, सातारा