विषय: 'काजळी हिवाळी' कयाक सफर, आणि नदीत पाणी असण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, सफर विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी सत्तेचाळीस मिनिटं बोलणं झालं. त्यातली एकोणीस मिनिटं मी बासरी ऐकत होते. हा माझा पाचवा फोन. सहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

'काजळी हिवाळी' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काजळी नदीत साखरप्याला उतरायचं, आंजणारीच्या पुलाखालून जायचं, दुसऱ्या दिवशी चांदेराईला बाहेर यायचं. १७ आणि १८ जानेवारीला आम्ही चौघं होतो. दोन दिवसांत कयाकमध्ये बसून किती अंतर कापलं ते तुमच्या गाइडच्या वहीत असेलच. नसलं तर माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी एका डोहात गोल गोल चार फेऱ्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोहात तीन. मधल्या वाटेवर आम्ही कयाकमध्ये नव्हतो, कयाक आमच्या डोक्यावर होत्या.

नोव्हेंबरात बुकिंग करताना मी एकच प्रश्न विचारला होता. जेवण कसलं, खोलीत गरम पाणी आहे का, असलं काहीही विचारलं नव्हतं. जानेवारीत नदीला पाणी किती असतं, एवढंच. उत्तर आलं, "फुल्ल असतं मॅडम." हे शब्द माझे नाहीत. तुमच्याकडे म्हणे प्रशिक्षणासाठी फोन ध्वनिमुद्रित होतात. तो एक जरूर ऐका.

हा प्रश्न मला आपसूक सुचला नव्हता. माझे धाकटे दीर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सफरीचं कळल्यावर ते जेवताना म्हणाले, "वहिनी, कोकणातली नदी ती. पावसात घरात शिरते आणि दिवाळीनंतर तिला शोधायला जावं लागतं. जानेवारीत काजळीत होडी? चालत जा, लवकर पोचाल." मी तुमच्या बाजूने बोलले. म्हटलं, कुंडलिकेत नाही का आपण मे महिन्यात गेलो होतो? त्यावर त्यांनी वरणाची वाटी सह्याद्री म्हणून मांडली आणि तासभर समजावलं. कुंडलिका मे महिन्यातही वाहते ती मुळशी धरणाच्या जिवावर. ते पाणी डोंगराच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज झाली की नदीत सोडतात. वाशिष्ठीचंही तेच. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, पोफळीकडून तिच्यात येतं. कृष्णेच्या पाणीवाटपात कोयनेतून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिलंय, ते हेच पाणी. काजळीला असा कुणी पोसणारा नाही. जून ते सप्टेंबरात जे पडेल ते तिचं. उतार असा की पडलेलं पाणी काही तासांत समुद्राच्या वाटेला लागतं, आणि खालचा कातळ फारसं धरून ठेवत नाही. परतीचा पाऊस गेला की उरतात झरे आणि डोह. खाली चांदेराईच्या पुढे जे भरलेलं दिसतं त्यात भरतीचा हात मोठा.

मी काय म्हणाले ते इथे लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, "भाऊजी, त्यांचा हा धंदा आहे. त्यांना कळत नसेल का?"

महोदय, हा प्रश्न आता मी तुम्हाला विचारते.

कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तुमच्या माहितीपत्रकावरचा फोटो पुन्हा बघा. पाणी गढूळ आहे, डोंगर हिरवेगार आहेत. जानेवारीत त्या डोंगरांवरचं गवत पिवळं पडलेलं असतं. हा फोटो पावसाळ्यातला, फार तर सप्टेंबरातला आहे, आणि त्यावर 'हिवाळी' असं तिरक्या अक्षरांत लिहिलंय. पावसावरच्या नदीवर जायचं तर आधीच्या आठवड्यात वर घाटात किती पडला ते बघतात, निघायच्या आदल्या दिवशी पुलावर उभं राहून पाणी बघतात, आणि नसेल तर बेत रद्द करतात. भरलेल्या कयाकला खाली निदान वीतभर पाणी लागतं. आम्हाला जागोजागी घोट्याइतकं मिळालं. तुमच्यापैकी कुणी १६ तारखेला आंजणारीच्या पुलावर पाच मिनिटं थांबला असता तरी पुरे होतं. महामार्गावरचा पूल आहे, आडवाटेला नाही.

पहिल्या दिवशी दुपारी आडवा आला वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून गावकऱ्यांनी पाणी अडवलं होतं. पाऊस सरल्यावर सगळा गाव मिळून घालतो, त्यावर पुढे भाजीपाला आणि गुरं निघतात. काठावर एक आजोबा बसले होते. आमच्या चार पिवळ्याधमक कयाक बघून त्यांनी विचारलं, "खय चाललाव?" गाइड म्हणाला, चांदेराईला. आजोबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खाली आणखी तीन हायत." तुमच्या गाइडने त्यांना विचारलं, दोन गोण्या थोड्या वेळासाठी काढल्या तर चालेल का. आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच मुलांना ओरडले, उचला रे ते धूड. गावाने अडवलेलं उन्हाळ्याचं पाणी आमच्या मजेसाठी सोडायला लावणार होता तुम्ही. या एका गोष्टीची चीड पैशांपेक्षा जास्त आहे.

गाइडला मात्र बोलू नका. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. तिसऱ्या बंधाऱ्यावर कयाक खाली ठेवून तो मला म्हणाला, "मॅडम, मीपण पहिल्यांदाच आलोय." दोन दिवसांत तुमच्याकडून ऐकलेलं ते एकमेव खरं वाक्य.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने आधी मला 'ताई' म्हटलं. मी तक्रार सांगितल्यावर 'मॅडम' म्हटलं. मी पैसे परत मागितल्यावर 'ग्राहक' म्हटलं, तेही मलाच: "ग्राहकाने अटी वाचलेल्या असतात." मी म्हटलं, वाचल्यात. तो म्हणाला, मग अट क्रमांक ११ बघा, नैसर्गिक आपत्तीमुळे सफरीत बदल झाल्यास परतावा मिळणार नाही. मी विचारलं, कुठली आपत्ती? तो म्हणाला, "पाणी नसणं." मी म्हटलं, अहो, जानेवारी आहे. तो म्हणाला, "हो मॅडम, पाऊस झाला नाही, त्यात कंपनीचा काय दोष?"

मी जरा थांबले. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून शांतपणे विचारलं, जानेवारीत कोकणात पाऊस व्हायला हवा होता असं तुमचं म्हणणं आहे का? तो म्हणाला, "तसं नाही मॅडम, पण निसर्गाचं कुणी सांगू शकत नाही." मी म्हटलं, निसर्गाने दरवर्षी सांगितलंय, ऑक्टोबरातच सांगतो. त्यावर तो म्हणाला, एक मिनिट. बासरी. सात मिनिटांनी परत आला आणि वरिष्ठांना विचारून आल्यासारखा, सावकाश म्हणाला:

"मॅडम, तुम्ही पाणी गृहीत धरलं होतं का?"

हो. धरलं होतं. कयाकची सफर होती, मी पाणी गृहीत धरलं. चूक झाली. पुढच्या वेळी रेल्वेचं तिकीट काढताना रूळ आहेत का ते विचारीन. मी त्याला म्हटलं, हे वाक्य परत म्हणा. त्याने म्हटलं! तसंच्या तसं, शिवाय पुढे जोडलं की पत्रकात 'नदीवरील सफर' असं लिहिलंय, 'पाण्यातील सफर' असं कुठेही नाही. हे त्याला स्वतःला सुचलं असेल असं मला वाटत नाही. हे कुणीतरी बसून, चहा पिऊन, विचार करून काढलेलं वाक्य आहे, आणि ते तुमच्याच मजल्यावर निघालं असावं. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. फोन स्पीकरवर होता. तिने पुस्तक तोंडावर धरलं, पण खांदे हलताना दिसत होते. माझी मुलगी हसतेय आणि मी एका परक्या मुलाला नदी म्हणजे काय ते समजावतेय, अशी माझी सकाळ गेली.

शेवटी त्याने 'सद्भावना म्हणून' कूपन देऊ केलं. जुलैतली सफर. तीच नदी, तोच मार्ग, वीस टक्के सवलत. "तेव्हा पाणी फुल्ल असतं मॅडम." पुन्हा फुल्ल! महोदय, जुलैत काजळी चांदेराईच्या बाजारपेठेत शिरते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात. तिथे तुम्ही माझी मुलं हवा भरलेल्या कयाकमधून नेणार? जानेवारीत पाणी नाही म्हणून पाय दुखले, एवढंच. जुलैत तुमच्याकडे पाणी बघायला माणूस नसला तर काय होईल ते मला लिहवत नाही. हे कूपन कुणालाही देऊ नका. हे मी रागाने लिहीत नाहीये.

वेटसूटचं, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचं, राहिलं. प्रत्येकी ६०० रुपये भाडं, सक्तीचं. यादीत थंड पाण्याचा धक्का, बधिर होणारी बोटं, सुती कपडे टाळा, असं सगळं होतं. थंड देशातल्या नदीवर हे जीव वाचवणारं आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण त्याच यादीत तुम्ही नियम दिलाय: हवा आणि पाणी यांच्या तापमानाची बेरीज १२० अंश फॅरनहाइटच्या खाली गेली तर सूट घाला. त्या दुपारी गाडीतला काटा ३१ सेल्सिअस दाखवत होता, म्हणजे ८८ फॅरनहाइट. उरले ३२. पाणी ३२ फॅरनहाइटला गोठतं. तुमच्याच नियमाने आम्हाला सूट लागायला काजळीचा बर्फ व्हायला हवा होता. घोट्याइतक्या पाण्यात, रणरणत्या उन्हात, डोक्यावर कयाक घेऊन आम्ही काळ्या रबरात चाललो. नवऱ्याला घामोळं आलं. आणि बिलात शेवटची ओळ: 'सूट वाळवणी शुल्क, ४ नग, ४०० रुपये.' ते ओले होते ते कशाने, हे सांगायला नको.

मला वाईट याचं वाटतं की कोलाडला, त्या कुंडलिकेच्या सफरीत, तुम्ही असे नव्हता. तिथे तुमच्या माणसाने भिऱ्याहून पाणी सुटल्याचा निरोप येईपर्यंत आम्हाला काठावर बसवून ठेवलं होतं. मुलगा कुरकुरला तर म्हणाला, "नदी आपल्यासाठी थांबत नाही, आपण नदीसाठी थांबायचं." त्या माणसामुळे मी तुमच्याकडे परत आले, आणि ओळखीतली तीन कुटुंबं पाठवली. तो अजून तुमच्याकडे आहे का? असेल तर हे पत्र त्याला दाखवा. नसेल तर का नाही, याचा विचार करा.

हिशोब असा. सफरीचे प्रत्येकी ६,८०० प्रमाणे २७,२००, सूटचे २,४००, वाळवणीचे ४००, एकूण ३०,०००. त्यातून मुक्काम आणि जेवणाचे ८,००० वजा करा. ज्या घरी आम्ही राहिलो त्यांनी कुळथाचं पिठलं आणि भाकरी इतकी प्रेमाने वाढली की त्यांचा एक रुपया मला परत नको. तो त्यांना वेळेवर द्या. बाकीचे २२,००० माझ्या खात्यात यायला हवेत. त्यात वाळवणीचे ४०० आले पाहिजेत. ते मी वेगळे मोजणार आहे.

पंधरा दिवस वाट बघेन. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यामुळे मी राहते तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. सोबत पावसाळी फोटोवर 'हिवाळी' लिहिलेलं पत्रक जोडीन. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, यावर त्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. वकील लागणार नाही. दीर येणार आहेत, वरणाची वाटी घेऊन.

मला फोन करू नका. जे काही असेल ते लिहून कळवा, आणि त्यात 'फुल्ल' हा शब्द नको.

आपली, अजून तरी, ग्राहक
(नाव आणि बुकिंग क्रमांक पाचही तक्रारींवर आहे.)