डबीला हात नको, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता बाबांची बोटं बनियनमध्ये शिरली आणि पेसमेकरची डबी चाचपू लागली. विचारलं तर म्हणे, "जागेवर आहे ना, बघतोय." बाबा, जागेवर राहायला हवी असेल तर तिला हात लावायचा नाही!

डबी आत टाक्याने अडकवली आहे, पण सगळी भिस्त टाक्यावर नसते. शरीर हळूहळू तिच्याभोवती पातळ आवरण धरतं. वायरचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात बारीक स्क्रूने बसवलंय, तिथेही व्रण धरून पकड येते. त्या टोकाशी चक्क थोडं स्टिरॉइड असतं. सूज वाढली की ठोका द्यायला जास्त करंट लागतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून ही सोय. मला तर याचं भारी कौतुक वाटलं.

पण हे सगळं व्हायला काही आठवडे जातात. तोवर डबी फिरवत बसलं, तर रहाटावर दोर चढावा तशी वायर गुंडाळत जाते आणि टोक हृदयातून निसटतं. १९६८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी याची पहिली नोंद केली. वयस्क माणसांची कातडी सैल, त्यामुळे त्यांना धोका जास्त. आणि महिने उलटले तरी ही खोड चालायची नाही.

आई, तू दुसरं टोक गाठलंयस. बाबांचा भांगही तूच पाडतेस म्हणे! हात असा बांधून ठेवलास तर खांदा आखडेल. डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही, विहिरीचं पाणी तर अजिबात ओढायचं नाही. जेवणं, बटणं लावणं त्यांचं त्यांना करू दे.

जागा लाल झाली, सुजली, पाणी आलं, तर तुझा रक्तचंदनाचा लेप नको, थेट डॉक्टरांना फोन. चक्कर आली, उचकी थांबेना किंवा डावा हात आपोआप उडायला लागला, तरी तेच. माझ्या फोनची वाट बघू नका.

"आठ-दहा वर्षांनी पुन्हा कापणार" म्हणून बाबा कुरकुरतात. तेव्हा वायर चांगली असेल तर बहुतेक वेळा डबीच बदलतात. स्वीडनच्या आर्ने लार्सनना १९५८ मध्ये शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासच चालला. पुढे आयुष्यभरात त्यांना २६ पेसमेकर लागले आणि गृहस्थ ८६ वर्षं जगले. तुमची तर एकच डबी झालीय.

तपासणीला मी येतेय. आई, डिस्चार्जची फाईल आणि पेसमेकरचं कार्ड एकत्र ठेव. रक्त पातळ करायची गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ते त्यात लिहिलंय का बघ आणि मला आजच कळव.

तुमची,
मनू